सदर बाजारातल्या तीन फेऱ्या

आबा, परवा मी सदर बाजारात गेले होते आणि अर्ध्यातूनच परत आले. धाकट्या मुलाचं घर आता जालन्यातच आहे, नदीच्या अलीकडं, आणि हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की रोज थोडं चालत जा, नाहीतर आहे तेवढंही चालणं जाईल. त्यांनी माझ्या खुब्याचा फोटो काढला, उजेडाकडं धरला आणि विचारलं, आजी, तुम्ही जन्मभर एका अंगावर कलून चालत आलात का? मी म्हटलं, एक दिवस तेवढा सोडून. त्यांना वाटलं म्हातारी काहीतरी बडबडते. सून शेजारी उभी होती, तिनंही हसून घेतलं. घरी आल्यावर मात्र तो एक दिवस डोक्यातून जाईना, म्हणून काठी घेतली, नातीला सोबत घेतलं आणि पूल ओलांडून बाजाराकडं निघाले. फूलबाजाराच्या तोंडाशीच पाय उचलेना. एका दुकानाच्या पायरीवर बसले, पोरीनं रिक्षा बोलावली आणि जे बघायला निघाले होते ते न बघताच घरी आले.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुमच्यापेक्षा मोठी आहे. तुम्ही साठी गाठली नाही, मी ऐंशीला टेकले. म्हणजे खरं तर तुम्हाला चार शब्द सुनवायचा अधिकार मला आहे. पण सुनवायला अंगात जोर लागतो आणि तो आता राहिला नाही. दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की घर रिकामं होतं. मी पलंगावर पाय लांब करून बसते. नातीच्या जुन्या वहीत बरीच कोरी पानं शिल्लक होती, म्हटलं बोलायचं राहिलंय ते इथं बोलावं.

पाय कसा गेला ते तुम्हाला सांगायला नको, तरी सांगते, कारण आपण दोघं त्याबद्दल कधी बोललोच नाही. मी आठ वर्षांची होते. कापसाची गाडी शेतातून घरी येत होती आणि मी तुमच्यापुढं धुरेवर बसायचा हट्ट धरला होता. खड्ड्यात गाडी हिसकली, मी खाली पडले आणि चाक डाव्या पायावरून गेलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहिला. सकाळी उठल्यावर फारसं कळत नसे. दुपार टळली, चालणं जास्त झालं, की डावं पाऊल ओढायला लागायचं. गावातल्या पोरी मला ज्या नावानं हाक मारायच्या ते नाव मी इथं लिहीत नाही. आई म्हणायची, हिला कोण करून घेणार. हे ती माझ्यासमोर म्हणायची, भाकरी थापता थापता, जणू मला ऐकूच येत नाही. तुम्ही अर्ध्या ताटावरून उठून जायचात.

त्याच चुलीपुढं मी तुम्हाला मराठी शिकवलं. तुम्ही बदनापूरच्या सरकारी फार्मावर मुकादम. तुमची शाळा उर्दूतली, कारण तुमच्या लहानपणी आपल्याकडं शाळा म्हणजे उर्दूच. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि तीनेक वर्षांनी फार्मावरची हजेरी मराठीत मांडायचा हुकूम आला. चाळिशीचा माणूस, मिशा एवढ्या भरघोस, आणि माझी पाटी मांडीवर घेऊन अ आ गिरवायला बसला. हात आपोआप उजव्या बाजूनं सुरू व्हायचा. मी तुमच्या मनगटावर चापट मारायचे आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. दोन महिन्यांत तुम्ही मजुरांची नावं लिहायला लागलात. त्या दिवशी पाटी खाली ठेवून म्हणालात, "माझ्यासारख्या टोणग्याला शिकिवलंस, मंग पोरं तर काय चीज. तू मास्तरीण व्हनार. बिलकुल व्हनार." तुम्ही ते कौतुकानं म्हणालात, आणि मी ते ठरलंच म्हणून मनात ठेवून दिलं. त्या वयात मोठ्या माणसांचं बोलणं असंच ऐकलं जातं.

मी सातवी पास झाले. शाळेतल्या गुरुजींनी तुम्हाला बोलावून सांगितलं की बायांना शिक्षिका करायला सरकार आता मागं लागलंय, जालन्याच्या शिक्षण खात्याच्या हापिसात अर्ज द्या, पोरीला ट्रेनिंगला घेतील. तुम्ही हो म्हणालात. मग महिना गेला. मी रोज विचारायचे, तुम्ही म्हणायचात, जाऊ. मधेच एका संध्याकाळी तुम्ही सुतळी घेऊन आलात आणि माझ्या दोन्ही पावलांचं माप घेतलं. चप्पल करायची म्हणालात. आमच्या वयाच्या पोरींच्या पायात तेव्हा चप्पल कुठली, मला आनंद झाला. आठवड्याभरानं म्हणालात, उद्या जालन्याला जायचं, दिवसभर फिरू. मी सातवीचं सर्टिफिकेट आईच्या जुन्या चोळीखणात गुंडाळून पिशवीत ठेवलं. सकाळी आईनं माझ्या घोट्याला तेल चोळलं आणि स्वतःचं ठेवणीतलं लुगडं मला नेसवलं. मी म्हटलं, हापिसात जायला लुगडं कशाला. ती म्हणाली, मोठी दिसतीस. बाकी काही बोलली नाही, आणि ती न बोलणारी बाई नव्हती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

बदनापूरहून जालना म्हणजे किती लांब, अर्ध्या तासाची गाडी. पण मी खिडकीला नाक लावून बसलेय. स्टेशनातून बाहेर पडून तुम्ही मला जुन्या जालन्यात एका बोळात नेता. तिथं एक म्हातारा चप्पल करणारा बसलाय, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चपला तयारच आहेत. तो म्हणतो, चालून दाखवा बाई. मी चार पावलं जाते आणि थांबते, कारण काहीतरी वेगळं झालंय. जमीन दोन्ही पायांना सारखीच लागते. परत चार पावलं येते. डाव्या तळाला त्यानं कातड्याची जास्तीची पट्टी घातली होती, कडा अशा कातरून काळ्या केल्या होत्या की बाहेरून दोन्ही चपला सारख्या दिसाव्यात. म्हातारा खूश झाला. "बघनाऱ्याला कळनार न्हाई," असं तो तुम्हाला म्हणाला, आणि तुम्ही त्याला डोळ्यानं दटावलंत. मला ते दिसलं. पण सात वर्षांनी सरळ उभी राहिलेली पोर, तिला दुसऱ्याच्या डोळ्यांकडं बघायला सवड कुठली. मी त्या बोळातच तीन वेळा वर-खाली चालले. तुम्ही भिंतीला टेकून उभे होता आणि तुमचे डोळे भरून आले होते. धूळ गेली म्हणालात.

पूल ओलांडून आपण सदर बाजारात शिरलो ते दहा-साडेदहाला असेल. तो बाजार आता कुणाला सांगून खरा वाटणार नाही. नातीला मी म्हटलं की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पायी जाता यायचं आणि जगातलं सगळं वाटेत मिळायचं, तर ती म्हणाली, आजी, आताही मिळतं. मिळत असेल. तेव्हा मात्र मला तांब्या-पितळेच्या गल्लीतली ठोकाठोक दोन वळणं आधीपासून ऐकू येत होती. पिंजाऱ्याच्या दुकानातून कापसाचं भुसकट उडून माझ्या लुगड्याला चिकटत होतं. अत्तरवाल्यानं तुमच्या हाताच्या पाठीवर एक बोट लावलं आणि तुम्ही तो हात मला हुंगायला दिला. सराफ्यात आपण फक्त बाहेरून बघितलं. बांगड्यांच्या दुकानापुढं तुम्ही म्हणालात, घे, आणि मी म्हटलं, आधी हापीस.

तुम्ही म्हणालात, "हापिसाला आज तातील हाये." तातील म्हणजे सुट्टी, आपल्याकडं तेव्हा सगळे असंच म्हणत. मी हिरमुसले. मग तुम्ही खेळ काढलात. दुकानांवरच्या पाट्या तेव्हा अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या होत्या. उर्दू पाटी आली की तुम्ही वाचायची, मराठी आली की मी. काही पाट्यांवर नव्या रंगाखालून जुनी अक्षरं दिसत होती, तिथं दोघांनीही वाचायचं आणि ताडून बघायचं. मी बहुतेक जिंकत होते. तुम्ही मुद्दाम हरत होता की मन दुसरीकडं होतं, देव जाणे. पाट्या वाचता वाचता आपण कापडाच्या दुकानांच्या रांगेत आलो. तिथं कोपऱ्यावर एक मोठं दुकान होतं, तीन पायऱ्या, आत पांढरीशुभ्र गादी. गादीवर लाल पटक्याचा एक धिप्पाड माणूस आणि नाकात मोठी नथ घातलेली बाई गिऱ्हाईक म्हणून बसली होती. पुढं धोतरजोड्यांची चळत पडलेली, पण दोघं बघत होते रस्त्याकडं. मला आतली पातळं बघायची होती. मी पहिल्या पायरीवर चढले आणि चप्पल काढायला वाकले, कारण गादीवर चप्पल घालून कोण जातं. तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत.

"पायातली काढायची न्हाई," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नव्हता. तरी त्या आवाजात तुम्ही माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मी खाली उतरले. चेहरा लाल झाला असणार. पुढच्या चौकात तुम्ही मला गरम जिलबी घेऊन दिलीत आणि मी ती उभ्या उभ्या खाल्ली.

दुपारी नदीकाठी मस्तगडाच्या बाजूला बसून भाकरी खाल्ली. तुम्ही चार वेळा विचारलंत, पाय दुखून राह्यला का. मी चारही वेळा नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. पण आबा, तुम्ही विचारत होता आणि बसू मात्र देत नव्हता. पाणी पिऊन होत नाही तोच म्हणायचात, चल, अजून बाजार बघायचाय. पुन्हा पूल, पुन्हा तीच वळणं. पुन्हा तेच कोपऱ्यावरचं दुकान, तोच लाल पटका, तीच धोतरं. मी म्हटलं, आबा, तुम्ही वाट चुकलात, हे आपण सकाळी बघितलंय. तुम्ही हसलात. म्हणालात, बाजार मोठा हाये, चुकतो मानूस. मी तुमची थट्टा केली, की फार्मावरच्या माणसाला सरीशिवाय सरळ चालता येत नाही. तुम्ही ती थट्टाही ऐकून घेतलीत.

त्यानंतर तुम्ही खरंच वाट चुकलात. मला त्या कोपऱ्यापासून लांब न्यायच्या घाईत तुम्ही एका आडव्या गल्लीत वळलात आणि समोर शिक्षण खात्याचं हापीस आलं. दार सताड उघडं. दाराशी स्टुलावर चपराशी बसला होता, ओट्यावर दोन मास्तर बोलत उभे होते, एक बाई आपला कागद घडी घालून पिशवीत ठेवत बाहेर आली. मी थांबले. खेळ चालूच होता म्हणून मी पाटी वाचली, मोठ्यानं, अक्षर न अक्षर. तुम्ही खाली बघत होता. मी तुमच्याकडं बघत राहिले तशी म्हणालात, "चल जल्दी." मी चालायला लागले. पिशवीतलं सर्टिफिकेट काढलं नाही, काही विचारलं नाही. माझा पाय दुखायला लागला तो त्या गल्लीपासून.

चार वाजून गेले असतील, तिसऱ्यांदा आपण त्या दुकानापाशी आलो. या वेळी मी पाट्या वाचत नव्हते, माणसं वाचत होते. लाल पटक्याचा माणूस माझ्या तोंडाकडं बघतच नव्हता. त्याची नजर जमिनीवर होती, माझ्या पावलांवर, पाऊल उचलतं कसं आणि पडतं कसं यावर. अशी नजर मी ओळखत होते. मामा बैल घ्यायला जायचा तेव्हा त्याची नजर अशीच व्हायची. लुगडं कशाला, तेल कशाला, सगळं एका दमात उलगडलं. तेवढ्यात ती बाई नवऱ्याला म्हणाली, हळू बोलायचीही तिला गरज वाटली नाही, "चाल बराबर हाय पोरीची." आणि मग आपल्याकडं वळून, "ओ पाव्हणं, न्या की पोरीला वर. बसा घडीभर."

तुम्ही जागच्या जागी उभे राहिलात. पहिल्या पायरीशी चपला काढायच्या आणि गादीवर दोन पावलं चालायचं, एवढंच. दिवसभर चाललेला माझा पाय उघडा जमिनीला लागला असता, तर आंधळ्यालाही कळलं असतं. तुमच्या कपाळावर घाम आला होता. हात अर्धा उचलला होता, पण सकाळसारखं माझं मनगट धरायचं धाडस या वेळी तुम्हाला झालं नाही. मी वर गेले असते तर लग्न मोडलं असतं आणि दोन गल्ल्यांपलीकडं हापीस अजून उघडं होतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. पंधराव्या वर्षी माणूस दिसतो तितका बावळट नसतो. आणि मीच म्हणाले, "गाडीची येळ झाली, आबा. चला जल्दी."

गाडीला अजून दीड तास होता. मी पुढं निघाले, तुम्ही मागून आलात. कोपऱ्यापर्यंत मी सरळ चालले, पाठीवर नजर आहे हे ठाऊक असून. स्टेशनावर आपण बाकावर बसून राहिलो. तुम्ही एकदाच बोललात. "पोरी, माझी लाज राखलीस." मग पटक्याच्या शेवानं डोळे पुसलेत. मी चपला काढून पाय वर घेऊन बसले होते. त्या उन्हाळ्यातच लाल पटकेवाल्याच्या मुलाशी माझं लग्न झालं. सर्टिफिकेट त्याच चोळीखणात माझ्यासोबत आलं आणि पेटीच्या तळाशी राहिलं.

कुंभार पिंपळगावाकडच्या शेतकऱ्याच्या घरात नवी सून चप्पल घालून वावरत नाही. घरात नाहीच, शेतातही नाही. चौथ्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं. सासूबाईंनी माझी डावी चप्पल हातात घेऊन तोलून बघितली आणि माळ्यावर टाकून दिली. मला वाटलं आता माहेरी धाडतील. पण सासऱ्यांनी गावभर सांगितलं की सून आठव्या दिवशी विहिरीच्या पायरीवरून घसरली, पाय मुरगळला तो मुरगळला. मलाही तेच सांगायला लावलं. मला वाटायचं ते मनानं थोर आहेत. तुमचे जावई भले होते, त्यांनी पायाचं कधी नावही काढलं नाही. पण दळण, पाणी, शेत, चार बाळंतपणं, हे भल्या माणसाच्या घरातही असतंच आणि ते उघड्या पायांनीच करावं लागतं.

तुम्ही गेल्यावर दोनेक वर्षांनी, सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा, एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. ते आपणहून हसायला लागले. मला म्हणाले, "तुझ्या बापानं मला फशिवलं. त्याला म्हनलं, पोरीचा एक पाय आखूड हाये असं ऐकू आलं. त्यो म्हनला, न्हाई, बराबर हाये. मंग म्या म्हनलं, बैल कधी सकाळी बघू ने. बसलेला बैल सकाळी समदाच चांगला चालतो. दिवसभर जुपावा अन् सांजच्याला बघावा. पोरीला दिवसभर बाजारात फिरव अन् तीन येळा आमच्यासमोरून ने. बैलाचे म्या चारी खूर उचलून बघतो, बाई. पन सुनंच्या पायतणाला हात कसा लावावा, म्हनून ऱ्हायलं." मग खोकत खोकत त्यांनी विहिरीच्या पायरीचंही सांगितलं. पिंपळगावच्या बाजारात लोक त्यांना विचारून बैल घ्यायचे. त्यांनी सूनच पारख न करता आणली, हे बाहेर कळलं असतं तर त्यांना कुणी उभं केलं नसतं. म्हणजे त्यांनी माझी नाही, आपल्या नजरेची अब्रू राखली होती. मीही त्यांच्याबरोबर हसले. उरलेली पेज भरवली, भांडं घासलं, आणि मग गोठ्यामागं जाऊन रडले.

तोवर मला वाटायचं की तुम्ही वाट चुकल्याचं सोंग घेऊन मला तीनदा दाखवलंत, एवढंच. दिवसभर दमवायचं ठरवून नेलं होतंत हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही चार वेळा विचारलेलं "पाय दुखून राह्यला का" मला तेव्हा नव्यानं ऐकू आलं. मी फार चिडले, आबा. मेलेल्या माणसावर चिडणं फार दमवतं, समोरून काही येतच नाही. मग हळूहळू ती पट्टीही आठवली. ज्यानं मला बैलासारखं फिरवायचं कबूल केलं, त्यानंच आठवडाभर आधी सुतळीनं पाय मोजले होते. ह्यातलं कुठलं तुमचं खरं होतं ते मी पन्नास वर्षं ठरवत आले. आता वाटतं, दोन्ही तुमचंच होतं. लंगडी पोर घरात बसून राहील ही भीतीही तुमची, आणि तिनं एक दिवस तरी नीट चालावं हेही तुमचंच.

मास्तरीण मी झाले नाही. पोरांचे अभ्यास घेतले, वाड्यावस्तीवरच्या बायांना त्यांच्या मुलांची पत्रं वाचून दाखवली. त्याला कुणी मास्तरीण म्हणत नाही. तुमच्या शेवटच्या आजारात मी बदनापूरला आठ दिवस होते. तुम्ही अंगणात बाजेवर, मी ओलं फडकं तुमच्या कपाळावर ठेवत होते. तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी हापीस उघडं होतं. तुला तिथं न्यायला पायजे होतं. माझ्या लाजंसाठी तू गाडीचं बोललीस, अन् माझ्यापाई तुझं समदं गेलं." मी फडकं पिळलं आणि पुन्हा ठेवलं. तुम्ही वाट बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचण्यासारखं असतं तर मी इथंच थांबले असते. पोचणार नाही, म्हणून पुढचं लिहिते. तुमच्या लाजेसाठी मी काही बोलले नव्हते. त्या घडीला तुमचा पटका, आईची काळजी, ट्रेनिंग, ह्यातलं काही माझ्या मनात नव्हतं. एक अनोळखी बाई माझ्याबद्दल म्हणाली होती की चाल बराबर आहे पोरीची. सात वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. चपला काढून वर गेले असते तर तिनं ते वाक्य परत घेतलं असतं, आणि मला ते तिच्याकडं तसंच राहू द्यायचं होतं. तेवढ्यासाठी मी माझी शाळा सोडली, आबा, तुमच्यासाठी नाही. तुम्ही मात्र ते ओझं मरेपर्यंत वाहिलंत, आणि मी ते एका वाक्यात उतरवू शकत होते, उतरवलं नाही. उलट, दिवाळीला तुम्ही मला न्यायला यायचात, ओसरीवर बसून पाणी मागायचात, तेव्हा रांजणापासून तुमच्यापर्यंत येताना मी मुद्दाम होतं त्यापेक्षा जास्त लंगडत यायचे.